लिम चू कांगचे चौदा किलोमीटर

सुलेखा पाटणकरला लोकांनी आयुष्यभर सवलती दिल्या, आणि तिला त्या कधीच नको होत्या. सांगलीच्या शाळेत पीटीच्या तासाला मुली मैदानावर पळायच्या तेव्हा ही झाडाखाली बसून सगळ्यांच्या चपला आणि घड्याळं राखायची, कारण हिला दमा. दंडोबाच्या डोंगरावर सहल गेली तेव्हा पायथ्याशी डब्यांच्या पिशव्यांजवळ बसायला हीच. 'सुलेखाला वगळा' हे तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की ते आपल्या नावाला जोडूनच येतं असं तिला वाटे. पुढे लग्न झालं आणि वगळण्याचं काम पीटीच्या बाईंकडून निशिकांतकडे आलं. माणूस सज्जन, बायकोवर जीव टाकणारा. पाण्याची भरलेली बादली तिला उचलू देत नसे, आणि यात आपलं काही चुकतंय असं त्याला तीस वर्षांत एकदाही वाटलं नाही.

सवलत मिळाली नाही ती फक्त नोकरीत. सिंगापूरला जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल कारखान्याच्या लॅबमध्ये तिनं बावीस वर्षं काढली. मरीन परेडहून पहाटे निघायचं, कंपनीची बस गाठायची, गेटवर पास दाखवायचा आणि दर दोन तासांनी टाकीतला नमुना घेऊन त्याचं यंत्रावरचं वाचन लिहायचं. एकदा यंत्र बंद पडलं. सुपरवायझर म्हणाला, गेल्या पाच वेळा एकच आकडा आलाय, तोच लिहून मोकळी हो. हिनं रकाना रिकामा ठेवला आणि त्यात 'वाचन घेतले नाही' असं लिहून खाली सही ठोकली. सुपरवायझर आठवडाभर धुसफुसत होता. सुलेखाला त्याचं काही वाटलं नाही. जे घेतलं नाही ते लिहायचं नाही, एवढं एकच व्रत तिनं जन्मभर पाळलं असेल. बाकी उपासतापास तिला कधी जमले नाहीत.

त्रेपन्नाव्या वर्षी ती सायकल शिकली. ईस्ट कोस्ट पार्कात भाड्याची सायकल घेऊन, पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत. पोरं आठवड्यात शिकून निघून गेली, ही तीन महिने पडत होती. डॉक्टरांनी सांगितलं, दम्याचा पंप जवळ ठेवा आणि खुशाल चालवा. निशिकांतला ते 'खुशाल' अजिबात आवडलं नाही. पण डॉक्टरांपुढे त्याचं काय चालणार?

आणि यंदा, सत्तावन्नाव्या वर्षी, तिनं प्रबोधच्या सहलीत नाव घातलं. प्रबोध हा बँकेतला माणूस, पण सायकल गटाचं नियोजन असं करायचा की जणू सैन्य हलवायचंय. सात दिवस, पाचशे किलोमीटर, बेटाच्या बाहेर न जाता. सगळे हसले. बेट टोकापासून टोकापर्यंत पन्नास किलोमीटर, पाचशे आणणार कुठून? पण प्रबोधनं आणले. आडवे, उभे, किनाऱ्याकिनाऱ्यानं, एकदा सुलट आणि एकदा उलट. वर एक नियम केला, की सात दिवस कुणी आपल्या घरात पाऊल टाकायचं नाही. मुक्काम रोज वेगळ्या मराठी घरी, हॉलमध्ये ओळीनं गाद्या, आणि जेवायला यजमान वाढतील ते. तिसऱ्या दिवशी रस्ता सुलेखाच्या स्वतःच्या बिल्डिंगखालून गेला. बाल्कनीत वाळत घातलेला टॉवेल आत घ्यायचा राहिलाय हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिनं मान वर केली नाही.

सायकलस्वार चौदा. इथल्या कायद्यानं एका रांगेत पाचच, म्हणून दोन रांगा पाचांच्या आणि शेवटची चौघांची. सुलेखा शेवटच्या रांगेतली, आणि त्या रांगेतही बहुतेक वेळा शेवटची. तिच्या मागं निशिकांत गाडी घेऊन. चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसातून त्यानं खास आठवड्याची रजा काढली होती. गाडीत ट्यूब, केळी, पाण्याचे कॅन आणि एक रिकामी सीट. ती सीट कुणासाठी आहे हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. सहा दिवसांत त्या सीटवर तिशीतला विक्रांत पोटऱ्यांत गोळे येऊन दोनदा बसला. सुलेखा एकदाही बसली नाही.

फक्त एक गोष्ट तिच्याकडून निसटली. दुसऱ्या दिवशीच्या पावसात तिच्या सायकलचा मीटर बंद पडला. प्रबोध म्हणाला, काळजी करू नका, तुमचे किलोमीटर मी लिहीन. तिनं हो म्हटलं. दुसऱ्यानं घेतलेलं वाचन आपल्या नावावर चालवून घेतलं ते तिनं आयुष्यात तेवढंच एकदा.

चौथा दिवस तिच्या आनंदाचा होता. त्या दुपारी मुक्कामाच्या घरी ती सगळ्यांच्या आधी पोचली. बाकीचे तासाभरानं घामेजून आले आणि म्हणाले, नारळपाणी प्यायला थांबलो होतो. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. सुलेखा शाळेतल्या मुलीसारखी लाजली. त्या रात्री गादीवर पडल्यापडल्या तिला इतका आनंद झाला होता की बराच वेळ झोप आली नाही.

सातव्या दिवशी सकाळी सगळे जुरोंग वेस्टला संजीवनीच्या फ्लॅटवर होते. संजीवनी म्हणजे सुलेखाची लॅबमधली जुनी मैत्रीण, सहलीतलीच. शेवटचा टप्पा सहासष्ट किलोमीटरचा, ईस्ट कोस्टपर्यंत. दुपारी एकला तिथे समारंभ, मराठी मंडळाचे अध्यक्ष उल्हासराव प्रमाणपत्रं देणार. निशिकांत खाली गाडीत सामान भरत होता. प्रबोधची एकोणीस वर्षांची मुलगी इरा टेबलावर लॅपटॉप उघडून समारंभासाठी फोटो लावत बसली होती. सुलेखा पोह्यांची बशी घेऊन तिच्या मागं उभी राहिली.

एका फोटोत जुनी जेट्टी होती, पलीकडे मलेशियाचा किनारा, आणि पुढे तेरा माणसं हात उंचावून उभी. सुलेखानं मोजली. मग पुन्हा मोजली. फोटो चौथ्या दिवसाचा होता.

तिनं विचारलं, हे कुठलं? इरा आपल्या सिंगापुरी ढंगात सहज म्हणाली, "लिम चू कांग जेट्टी, आंटी. तुम्ही तर रोडच्या तोंडाशीच टर्न केलं ना? बाबा सेड इझिअर फॉर यू, लाह."

वळणांवर झेंडा दाखवायचं काम करणारा रुचिर आपल्या बुटांच्या लेसकडे बघू लागला. चौथ्या दिवशी लिम चू कांग रोडच्या तोंडाशी झेंडा घेऊन तोच उभा होता, आणि सगळ्यांच्या मागून आलेल्या तिला 'काकू, इथून उजवीकडे' असं त्यानंच सांगितलं होतं. बाकीचे तेव्हा सरळ जेट्टीपर्यंत जाऊन परत येत होते. सुलेखाला एका क्षणात सगळं उमगलं. नारळपाणी खोटं, पहिला नंबर खोटा, आणि त्या टाळ्या वाजवणाऱ्या तेरा जणांना ते ठाऊक होतं. तिच्या कानशिलांतून गरम वाफ गेल्यासारखं झालं. चपला राखायला बसवलं होतं ते परवडलं, कारण तेव्हा निदान आपण चपला राखतोय हे तिला माहीत तरी होतं.

"किती किलोमीटर होते?" तिनं प्रबोधला विचारलं.

प्रबोधनं हातातला घास बशीत परत ठेवला. जाऊन-येऊन चौदा, तो म्हणाला. ऊन फार होतं त्या दिवशी, सुलेखाताई. तो आणखीही काही सांगणार होता, पण थांबला आणि मान खाली घातली. मग सगळ्यांनी मिळून तिची समजूत घालायला सुरुवात केली. संजीवनी म्हणाली, अगं, कोण मोजतंय? क्षिप्रा म्हणाली, प्रमाणपत्रावर चारशे शहाऐंशी लिहू, तेही काय कमी आहेत? विक्रांत म्हणाला, पुढच्या रविवारी आपण सगळे जाऊन ते चौदा करून टाकू. सुलेखानं पोहे संपवले, बशी विसळून जागेवर ठेवली आणि सांगितलं, सहलीचे दिवस सात आहेत आणि आज सातवा आहे. आजचा रस्ता त्याच तोंडावरून जातो. मी आधी जेट्टीला जाईन, मग तुमच्या मागून येईन. माझ्यासाठी कुणी थांबायचं नाही.

सहासष्ट आणि चौदा, ऐंशी. पंचाहत्तरच्या वर तिनं एका दिवसात कधीच चालवली नव्हती, आणि हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिला तर होतंच. पण बाई हट्टाला पेटली की तिच्या नाकाचा शेंडा पांढरा पडतो, हे संजीवनीला लॅबपासून ठाऊक होतं. तिनं मुकाट्यानं दोन जास्तीच्या बाटल्या भरून दिल्या.

साडेआठच्या सुमारास सगळे त्या चौकात पोचले. रुचिर आजही झेंडा घेऊन उभा होता. पहिली रांग उजवीकडे वळली, दुसरी वळली, तिसऱ्या रांगेतले तिघे वळले. सुलेखा सरळ निघाली. रुचिरनं झेंडा खाली घेतला आणि 'सॉरी काकू' एवढंच म्हणाला. तिनं त्याला मान हलवून दाखवली. त्या पोरावर तिचा राग नव्हताच. राग प्रबोधवर होता, आणि तो चांगला तापलेला होता.

थोड्याच वेळात मागून गाडी आली. निशिकांतला फोनवरून सगळं कळलं होतं. तो काच खाली करून तिच्या बाजूनं चालवू लागला, आणि ऊन, श्वास, वय, डॉक्टर अशी यादी म्हणू लागला. सुलेखानं पुढे बघतच सांगितलं, एकतर मागं राहा नाहीतर गटाबरोबर जा, माझ्या बाजूनं चालवू नका. गाडी मागं पडली.

लिम चू कांगचा रस्ता सिंगापूरचा वाटतच नाही. दोन्ही बाजूंना दफनभूमी, मग झाडी, मग लष्कराच्या हद्दीचे लाल पाट्यांचं कुंपण. डोक्यावरून लढाऊ विमान गेलं की छातीतून घुमतं. सुलेखानं पायांना एक लय लावून दिली. नाकानं आत, तोंडानं बाहेर. रस्ता चढाचा नव्हता, पण लांबच लांब होता, आणि पहिले सात किलोमीटर ती मनात प्रबोधशी भांडत गेली. रस्ता संपला तेव्हा भांडणातले तिचे मुद्दे संपलेले नव्हते.

जेट्टीवर मत्स्यशेतीवाले थर्माकोलचे खोके उतरवत होते. समोर खाडी, पलीकडे जोहोर. बघायला म्हणाल तर तिथे काहीच नाही. सुलेखा रस्ता जिथे खरोखरच संपतो तिथपर्यंत गेली, पुढचं चाक कठड्याला टेकवलं, घड्याळ बघितलं आणि वहीत लिहिलं, 'जेट्टी, ९.०४.' खोकेवाल्या म्हाताऱ्यानं फोटो काढून देऊ का असं हातानं विचारलं. तिनं हसून नको म्हटलं आणि सायकल वळवली.

चौदा पूर्ण झाले तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते आणि गट केव्हाच पुढे गेला होता. सकाळी चौकापर्यंतचे चार झाले होते, आता उरले होते बासष्ट, आणि ऊन चढायला लागलं होतं. क्रांजीपर्यंत बरं चाललं. मंडाईच्या चढावर दम लागला तेव्हा ती सरळ उतरली आणि सायकल ढकलत वर गेली. ढकलले तरी किलोमीटर आपलेच, त्यात लाजायचं काय? पुंगोलला खाण्याच्या टपऱ्यांच्या एका हॉकर सेंटरमध्ये बसून तिनं नारळाच्या जॅमचा काया टोस्ट आणि बार्लीचं गार पाणी घेतलं. गाडी पार्किंगमध्ये उभी होती. निशिकांत खाली उतरला नाही, तिनंही हाक मारली नाही. फोनवर समारंभाच्या तयारीचे फोटो यायला लागले होते. तिनं ते न उघडता फोन परत खिशात टाकला.

विमानतळाच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यावर मात्र तिचे खरे हाल झाले. एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला समुद्र, सावलीचं नाव नाही. दुपारचे दोन. मांड्या तर केव्हाच्या दगड झाल्या होत्या, पण मांड्यांचं तिला भय नव्हतं. भय होतं त्या बारीक शिट्टीचं, श्वास आत घेताना छातीतून येते ती. ती आली. सुलेखानं वेग कमी केला, आणखी कमी केला, आणि रस्ता संपून ईस्ट कोस्ट पार्क सुरू होतो तिथल्या पार्किंगजवळच्या बाकावर जाऊन बसली. पंपाचा एक फवारा घेतला. मिनिट मोजलं, मग दुसरा. सात किलोमीटर उरले होते.

गाडी येऊन थांबली. निशिकांत उतरला, मागचं दार उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि काय वाटलं कुणास ठाऊक, दार पुन्हा लावलं. मग बाकावर तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. शिट्टी बंद व्हायची त्यानं वाट बघितली.

"प्रबोधला काही बोलू नकोस," तो म्हणाला. "त्याला मी सांगितलं होतं."

सुलेखा त्याच्याकडे बघतच राहिली. दिवसभर ज्या माणसाशी ती मनात भांडत आली होती, त्या माणसानं सकाळी सगळ्यांसमोर मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं होतं, आणि ज्यानं केलं तो खाली गाडीत केळी भरत होता. तिला इतका संताप आला की बोलता येईना, आणि या वेळी त्याला दमा कारण नव्हता.

निशिकांत समोर समुद्राकडे बघत बोलत राहिला. नऊ वर्षांपूर्वी घरात तिला दम्याचा अटॅक आला होता, ते तिला 'थोडा त्रास झाला होता' एवढंच ठाऊक होतं, कारण त्यानं तेवढंच सांगितलं होतं. खरं म्हणजे ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते आणि डोळे उघडे असून ती बघत नव्हती. नर्सनं त्याला खोलीबाहेर काढलं आणि पंचवीस मिनिटं कुणी काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तिला उन्हात धापा टाकताना पाहिलं आणि त्याला ते ओठ दिसले. "तुला त्यातलं काही आठवत नाही," तो म्हणाला. "मी तिथे होतो."

सुलेखाचा राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी आता आणखी काहीतरी येऊन बसलं. या माणसानं नऊ वर्षं ते एकट्यानं बाळगलं होतं, याचं तिला फार वाईट वाटलं. आणि तेही आपल्याला अर्धंच सांगितलं होतं, याचंही वाटलं.

"भीती वाटली तर मला सांगायची," ती म्हणाली. "माझा रस्ता वळवायचा नाही."

तिनं बाटलीतलं पाणी संपवलं, हेल्मेट घातलं आणि त्याला सांगितलं, आता मागं येऊ नका. तुम्ही पुढे जा आणि तिथे थांबा.

"आणि तुला काही झालं तर?"

"तर मी फोन करीन. तुम्ही करायचा नाही."

हे त्याला मारीन म्हटल्यापेक्षा जड गेलं असावं. तो उठला, बसला, पुन्हा उठला. शेवटी गाडीत बसून निघून गेला. लग्नाला एकतीस वर्षं होत आली होती, आणि आपल्याला मागं ठेवून जाणारी त्याची गाडी सुलेखानं पहिल्यांदाच बघितली.

ते सात किलोमीटर तिनं पाऊण तासात केले. त्या वेगानं पोरं पायानं ढकलायच्या स्कूटरवरून तिला ओलांडून गेली, एक बाई बाबागाडी ढकलत पळत होती तीही गेली. दोनदा थांबून तिनं श्वास मोजला. दोन्ही वेळा तो तिचं ऐकत होता. बार्बेक्यूचे धूर, तंबू, वाळूत लोळणारी कुटुंबं, सगळं नेहमीचं. याच पट्ट्यावर ती तीन महिने पडली होती, पण आज तिला त्याची आठवणसुद्धा आली नाही. ती फक्त पुढच्या झाडापर्यंत जात होती, आणि तिथून पुढच्या.

सव्वातीनला ती पोचली. मंडपाची वेळ संपली होती, उल्हासराव केव्हाच गेले होते. झाडाखाली सात-आठ जण उरले होते, प्रबोध, संजीवनी, रुचिर, इरा आणि आणखी दोघं-चौघं. तिला बघून सगळे उभे राहिले. टाळ्या वाजवायला रुचिरचे हात वर गेले आणि तसेच राहिले. चौथ्या दिवसानंतर टाळ्या वाजवायचं कुणाच्या अंगात बळ नव्हतं.

निशिकांत सगळ्यांच्या पुढे, रस्त्याच्या अगदी कडेला उभा होता. तो तिच्याशी न बोलता आधी बाकीच्यांकडे वळला आणि म्हणाला की त्या दिवशीचा रस्ता प्रबोधनं नाही, त्यानं स्वतः वळवायला लावला होता, आणि सकाळी हे सांगायची त्याला हिंमत झाली नाही. प्रबोध 'जाऊ द्या हो' असं काहीतरी पुटपुटला. दिवसभर त्याच्यावर धरलेल्या रागाबद्दल सुलेखानं प्रबोधची तिथेच माफी मागितली. तो इतका संकोचला की त्यानं प्रमाणपत्र उलटंच तिच्या हातात दिलं.

मग निशिकांत तिच्याजवळ आला. डोळे लाल, शर्ट पाठीला चिकटलेला, जणू सायकल त्यानंच चालवली होती.

"पाऊण तासात सहा वेळा फोन हातात घेतला," तो हळूच म्हणाला. "केला नाही."

सुलेखानं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिचे चौदा किलोमीटर लिम चू कांगला होते. त्याचा पाऊण तास इथे होता, या झाडाखाली, आणि तो तिच्यापेक्षा सोपा गेला नव्हता. अजूनही ती सायकलवरच होती, एक पाय जमिनीला टेकवून. दुसरा पाय वरून काढायचा तर मांडीत त्राणच नव्हतं, आणि हे दोघांनाही दिसत होतं. निशिकांतचे हात पुढे आले आणि मध्येच थांबले. तो तसाच उभा राहिला, विचारल्याशिवाय पुढे न येता.

"अहो," ती म्हणाली, "धरा जरा. मला उतरता येत नाहीये."

त्यानं एका हातानं सायकल धरली आणि दुसऱ्या हातानं तिला.